गाडीची बॅटरी सारखी का उतरते? आधी दिवस मोजा, मग बॅटरी बदला

प्रश्न थोडक्यात असा आहे : गाडी सहा वर्षांची. वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलून झाल्या. रोज चालवली तर काही त्रास नाही, पण तीन दिवस उभी राहिली की चौथ्या दिवशी सकाळी सेल्फ मारल्यावर नुसतं कट-कट-कट ऐकू येतं. गॅरेजमध्ये अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं जनित्र) तपासला, तिथे ‘चार्जिंग व्यवस्थित आहे’ असं सांगितलं. आता तिसरी बॅटरी घ्यावी का?

आत्ता घेऊ नका. तुम्ही सांगितलं त्यावरून तरी बॅटरी हा मूळ आजार वाटत नाही. गाडीतली वीज कुठेतरी गळते आहे आणि ती गळती एकेक बॅटरी खाते आहे. गाड्यांच्या वायरिंगचं काम करताना ही तक्रार मी इतक्या वेळा हाताळली आहे की पहिला प्रश्न आता सवयीनेच विचारतो : किती दिवस उभी राहिली की बसते? तुम्ही तो आकडा आधीच दिला आहे, आणि निम्मं निदान त्या आकड्यातच आहे.

हिशोब करून बघू. समजा तुमची बॅटरी ४५ अँपिअर-अवरची आहे, म्हणजे एक अँपिअरचा करंट ती ४५ तास देऊ शकते. साधारण निम्मी वीज गेली की सेल्फ उचलायला बॅटरी कुरकुर करू लागते, म्हणजे आपल्या हातात सुमारे २२ अँपिअर-अवर. तीन दिवसांचे तास ७२. बावीसला बहात्तरने भागलं की येतात ०.३ अँपिअर, म्हणजे ३०० मिलिअँपिअर. बंद करून कुलूप लावलेल्या गाडीतून एवढा करंट दिवसरात्र बाहेर जातो आहे. निरोगी गाडीतही थोडा करंट जातोच. घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर, कॉम्प्युटरची मेमरी हे सगळं जागं असतं. पण त्या सगळ्यांना मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर पुरतात. तीस धरले तर दिवसाला पाऊण अँपिअर-अवरही जात नाही आणि बावीस संपायला महिना लागतो. म्हणून महिनाभर उभी राहिलेली गाडी सुरू झाली नाही, तर त्याला मी बिघाड म्हणत नाही. तीन दिवसांत बसली, तर तो बिघाडच आहे.

याच हिशोबाने संशयितांची यादीही लहान होते. गाडी एका रात्रीत बसत असती, तर गळती दोन अँपिअरच्या वर असती. मग मी चालू राहिलेला ब्रेक लाइट, चिकटलेला रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा पार्किंगचे दिवे शोधले असते. पंधरा दिवसांनी बसत असती, तर गळती साठ मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे मागून बसवलेला ट्रॅकर किंवा गाडी बंद केल्यावरही नीट न झोपणारं एखादं मॉड्यूल (गाडीतला छोटा कॉम्प्युटर). तीनशे मिलिअँपिअर या दोन्हींच्या मधे येतं. डॅशबोर्डच्या कप्प्यातला किंवा डिकीतला ५ वॅटचा बल्ब ०.४ अँपिअर घेतो. अल्टरनेटरचा गळका डायोड (करंटला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) किंवा बंद न होणारा म्युझिक सिस्टीमचा अँप्लिफायर, हेही याच पट्ट्यात बसतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. तुमची आत्ताची बॅटरी अनेकदा पूर्ण उतरून झाली आहे, त्यामुळे तिच्यात आता ४५ राहिले नसतील. बॅटरी वीज देते तेव्हा आतल्या दोन्ही प्रकारच्या प्लेटींवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज झाली तर ते परत विरघळतं. रिकामी पडून राहिली, तर त्याचे बारीक कण मोठे आणि कडक होत जातात आणि प्लेटीचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. तुमच्या दोन बॅटऱ्या बहुधा अशाच गेल्या असाव्यात. गळतीने बॅटरी रिकामी केली, रिकामेपणाने प्लेटी खराब झाल्या आणि मग लोड टेस्टमध्ये (मोठा करंट ओढून घेतलेल्या चाचणीत) बॅटरी नापास झाली. ती टेस्ट खोटी नव्हती, पण तिने फक्त परिणाम सांगितला. तेव्हा बॅटरीची क्षमता निम्मी उरली असेल, तर तुमची गळती तीनशेऐवजी दीडशे मिलिअँपिअरही असू शकेल. शोधताना दीडशे ते तीनशे ही मर्यादा डोक्यात ठेवा.

आता तपासणी. त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर लागेल, आणि बहुतेक गाड्यांत टर्मिनलसाठी दहाचा पाना. हातातली अंगठी, धातूचं कडं काढून ठेवा. पाना धन टर्मिनलवर असताना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी उडते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. टर्मिनल सोडताना ऋण आधी आणि जोडताना ऋण शेवटी. हा क्रम कधीही मोडू नका.

मीटर लावण्याआधी टर्मिनल हाताने हलवून बघा. क्लॅम्प (पोस्टवर, म्हणजे बॅटरीच्या खुंटीवर, आवळलेली वायरची पकड) जरासा जरी फिरला, तरी तो सैल आहे. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, पोस्ट आणि क्लॅम्प दोन्ही घासून चकचकीत करा. हे काम क्षुल्लक वाटतं, पण ‘बॅटरी गेली’ म्हणून आलेल्या काही गाड्या मी निव्वळ पॉलिश पेपरने सुरू केल्या आहेत. खूण अशी की दिवे लखलखीत असतात, पण सेल्फ मारला की सगळं अंधारतं आणि सोडला की दिवे परत येतात. सहा वर्षांच्या गाडीत इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टीही बघून घ्या. मीटरची एक सुई ऋण पोस्टच्या मधोमध (क्लॅम्पवर नाही) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या वर गेला, तर अर्थिंग दुरुस्त करायला हवी.

पुढची पायरी म्हणजे बॅटरी चार्जरवर लावून पूर्ण भरणं. गाडी चालवून ती भरेल असं समजू नका. पार उतरलेली बॅटरी अल्टरनेटरने तासाभरात भरत नाही, फक्त पुढचा सेल्फ मारण्याइतकी तयार होते. क्षमतेच्या दहाव्या भागाएवढ्या करंटने, म्हणजे ४५ च्या बॅटरीला चार-साडेचार अँपिअरने, रात्रभर चार्ज करा. वरून झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी आधी बघा. प्लेटी उघड्या असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला आणि बाकीचं चार्ज झाल्यावर. ॲसिड कधीही घालू नका.

चार्जर काढल्यावर लगेच व्होल्टेज मोजलं तर ते फसवं, चढं दिसतं. काही तास जाऊ द्या. मग १२.६ किंवा वर दिसलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. रात्रभर चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या आसपास अडकला, तर आतल्या सहा सेलपैकी (प्रत्येक साधारण दोन व्होल्टचा) एक मेला आहे. अशा बॅटरीवर पुढे वेळ घालवू नका.

यानंतरची चाचणी मी सगळ्यांत भरवशाची मानतो आणि तिला कौशल्य जवळजवळ लागत नाही. भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज लिहून ठेवा, ऋण टर्मिनल सोडून बाजूला बांधा आणि गाडी तीन दिवस तशीच ठेवा. तुमची गाडी तीन दिवसांत बसते, म्हणून तीनच दिवस. चौथ्या सकाळी मोजा. टर्मिनल सुटं असताना गाडी वीज खाऊ शकत नाही. तरीही आकडा १२.६ वरून १२.२ वर आला, तर बॅटरी आतूनच रिकामी होते आहे आणि गाडी निर्दोष आहे. आकडा जागचा फारसा हलला नाही, तर गळती गाडीत आहे. टर्मिनल सोडण्याआधी किल्ली खिशात असू द्या आणि डिकी बंद करू नका. काही गाड्यांत विजेशिवाय डिकी उघडत नाही. काहींत म्युझिक सिस्टीमचा कोड पुन्हा विचारला जातो, तोही हाताशी ठेवा.

तुमच्या अल्टरनेटरला ‘व्यवस्थित’ म्हटलं गेलं, त्याबद्दल थोडं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक आहे असं म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा डीफॉगर लावूनही आकडा साडेतेराच्या खाली जाऊ नये. नव्या पद्धतीच्या गाड्यांत कॉम्प्युटर अल्टरनेटरला मुद्दाम कमी-जास्त करतो, तिथे एखाद्या क्षणी तेराच्या खालचा आकडा दिसला म्हणून घाबरू नका. दिवे लावले की तो वर यायला हवा. पण ही सगळी तपासणी इंजिन चालू असतानाची झाली. अल्टरनेटरमधले डायोड करंटला बॅटरीकडे जाऊ देतात आणि उलटा येऊ देत नाहीत. एखादा डायोड गळका झाला तर दिवसा चार्जिंग चांगलं दिसतं आणि रात्री त्याच वाटेने बॅटरी उतरत राहते. म्हणून इंजिन चालू असताना मीटर एसी (दिशा बदलणाऱ्या करंटच्या) व्होल्टवर ठेवून बॅटरीवर एकदा बघा. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं, तर डायोडवर संशय घ्या.

आता गळती मोजायची. इथे घाई केली की आकडा चुकीचा येतो आणि माणूस भलत्याच वायरीच्या मागे लागतो. गाडी बंद केल्यावर तिची मॉड्यूल्स लगेच झोपत नाहीत. काही गाड्यांना दहा मिनिटं लागतात, काहींना तासभर. शिवाय मोजताना बॉनेट उघडं असतं, फ्यूज बॉक्ससाठी दार उघडं असतं, त्यामुळे गाडी जागीच राहते. म्हणून बॉनेटचं आणि ड्रायव्हरच्या दाराचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून ‘बंद’ करून घ्या, म्हणजे गाडीला वाटतं सगळं मिटलेलं आहे. काच खाली ठेवा. बिनकिल्लीची गाडी असेल तर रिमोट चार-पाच मीटर लांब नेऊन ठेवा. काम संपल्यावर ती लॉक्स आठवणीने उघडा. दाबलेल्या लॉकवर बॉनेट आपटलं तर लॉक वाकतं.

डीसी मोजणारा आणि मिलिअँपिअर दाखवणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर उत्तम, काहीही न सोडता ऋण केबलभोवती अडकवायचा. नसेल तर मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या खाचेत घाला आणि मीटर ऋण पोस्ट व सोडलेला क्लॅम्प यांच्यामधे जोडा. टर्मिनल सुटलं आणि परत जोडलं गेलं की सगळी मॉड्यूल्स पुन्हा जागी होतात. ते टाळायला मी आधी एक जाड वायर बॉडीपासून ऋण पोस्टला लावतो, मग क्लॅम्प काढतो, मीटर जोडतो आणि गाडी झोपल्यावर शेवटी ती वायर उचलतो. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, इग्निशन लावायचं नाही आणि दार उघडून दिवे पेटवायचे नाहीत. मीटरमधला फ्यूज तिथल्या तिथे उडतो.

वायर उचलण्याआधी अर्धा-पाऊण तास तरी द्या. मग आकडा बघा. ५० च्या आत असेल तर या क्षणी गळती नाही, आणि बिघाड अधूनमधून होणारा आहे. १५० च्या वर स्थिर असेल, तर चोर आत्ता घरातच आहे.

तो कोणत्या वाटेने जातो हे शोधायला पूर्वी आम्ही एकेक फ्यूज उपसायचो. आता मी तसं करत नाही. फ्यूज काढला आणि परत लावला की झोपलेलं मॉड्यूल जागं होतं आणि पुन्हा पाऊण तास थांबावं लागतं. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवा. त्याच्या पाठीवर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात. ती जाड वायर आधी परत लावा, मग मीटर काढून त्याची लाल वायर व्होल्टच्या खाचेत घाला, मीटर मिलिव्होल्टवर ठेवा आणि त्या दोन ठिपक्यांवर सुया टेकवा. ज्यातून करंट वाहत नाही तो फ्यूज शून्य दाखवतो. ज्यातून वाहतो त्याच्यावर थोडासा व्होल्टेज दिसतो, कारण फ्यूजलाही स्वतःचा रोध असतो. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजवर दोन मिलिव्होल्टच्या आसपास दिसले, तर त्यातून साधारण पाव अँपिअर जातो आहे. तुम्ही शोधताय तोच आकडा. दोन्ही फ्यूज बॉक्समधले सगळे फ्यूज असे दहा मिनिटांत तपासून होतात आणि झोपलेली गाडी झोपलेलीच राहते.

सापडलेल्या फ्यूजवर कायकाय चालतं ते झाकणावरच्या तक्त्यात बघा आणि त्या वस्तू एकेक करून सोडा. आकडा कधी कोसळतो ते पाहत राहा. कुठल्याच फ्यूजवर काही दिसलं नाही, तर गळती फ्यूज बॉक्सच्या बाहेरच्या वाटेने आहे. तेव्हा बॅटरीच्या धन टर्मिनलला थेट जोडलेल्या बारीक वायरी शोधा. त्या जवळजवळ नेहमी मागून बसवलेल्या असतात : अँप्लिफायर, ट्रॅकर, पार्किंगमध्येही रेकॉर्डिंग करणारा डॅशकॅम. तिथेही काही नसेल तर अल्टरनेटर. बॅटरीचं ऋण सोडा, अल्टरनेटरची जाड वायर काढून टेपने गुंडाळा, ऋण मीटरमधून परत जोडा, गाडी झोपू द्या. आकडा तीनशेवरून तीसवर आला, तर डायोडच.

सहा वर्षांच्या गाडीत आणखी दोन जागा मी हाताने तपासल्याशिवाय सोडत नाही. पहिली डॅशबोर्डचा कप्पा आणि डिकी. झाकण नीट बसत नाही, स्विच दाबला जात नाही आणि आत बल्ब जळत राहतो. बाहेरून कळायला मार्ग नाही. मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून फोन आत ठेवा, झाकण लावा, दोन मिनिटांनी काढून बघा. गाडीला काही वेळाने दिवे आपोआप तोडायची सोय असेल, तर ती वेळ उलटून जाऊ द्या.

दुसरी जागा ब्रेकच्या पेडलची. एका गाडीच्या बॅटऱ्या अशाच जात होत्या, फक्त ती रात्रीत बसायची आणि तीही कधी कधीच. फ्यूज तपासले तेव्हा काहीच मिळालं नाही. शेवटी पायाशी टॉर्च घेऊन वाकलो तर मॅटवर जीर्ण प्लॅस्टिकचे पिवळट तुकडे पडले होते. पेडलच्या दांड्याला एक लहानसं बटण असतं आणि ब्रेक लाइटच्या स्विचची पिन त्याच्यावर टेकते. ते बटण म्हातारं होऊन फुटलं होतं आणि पिन कधी दांड्यावर टेकायची, कधी बटणाच्या भोकातून आरपार जायची. आरपार गेली की स्विचला वाटायचं पाय ब्रेकवर आहे. मागचे २१ वॅटचे दोन दिवे मिळून साडेतीन अँपिअर खात होते, आणि मालक रोज भर उन्हात पुढच्या दाराने उतरून पुढेच निघून जायचे. बोटाच्या पेराएवढं बटण बदललं आणि तक्रार संपली. तुमची गाडी रात्रीत बसत नाही, तरी हे बघायला एक मिनिट लागतं.

रिलेचंही तसंच. एसीच्या कॉम्प्रेसरच्या रिलेचे पॉइंट चिकटले, तर गाडी बंद असतानाही कॉम्प्रेसरचा विजेचा क्लच (पायाखालचा नव्हे) ओढलेला राहतो. सकाळी थंड गाडीत रिलेवर एकेक करून बोट ठेवत जा. एखादा कोमट लागला तर तोच.

छोट्या फेऱ्यांचं कारण तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर त्यात थोडं तथ्य आहे, पण तुमच्या बाबतीत ते पुरेसं नाही. सेल्फ मारायला दोनशे अँपिअर दोन सेकंद लागले असं धरलं, तरी ०.१ अँपिअर-अवरच जातो, आणि तो काही मिनिटांत भरून येतो. छोट्या फेऱ्यांत आधीचा खड्डा भरून निघत नाही, हा खरा त्रास. तुमच्याकडे तो खड्डा गळती खणते आहे.

पुढे कधी बॅटरी बदलायची झालीच, तर ऋण टर्मिनलवर किती वीज आली-गेली ते मोजणारा छोटा सेन्सर आहे का ते बघा. सिग्नलवर आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांना एजीएम किंवा ईएफबी (वारंवार सेल्फ मारणं झेलणाऱ्या प्रकारची) बॅटरीच लागते, साधी बसवली तर लवकर जाते. काही गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते. सेन्सरच्या गाडीला चार्जर लावताना ऋण क्लिप पोस्टवर नाही, बॉडीच्या अर्थवर लावायची, नाहीतर आत किती वीज गेली हे गाडीला कळत नाही.

गळती सापडून दुरुस्त झाली, आकडा पन्नासच्या आत आला, की हीच बॅटरी पुन्हा रात्रभर चार्ज करा आणि या वेळी टर्मिनल जोडूनच गाडी तीन दिवस उभी ठेवा. चौथ्या सकाळी बॉनेट उघडा, गाडी पुन्हा झोपेपर्यंत थांबा आणि मोजा. १२.५ च्या वर असेल, तर मीटर तसाच डीसी व्होल्टवर, दोन्ही पोस्टवर धरून (करंट मोजताना जोडला तसा नाही) सेल्फ मारा. मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला नाही, तर हीच बॅटरी वापरत राहा. त्याखाली गेला, तर आधीच्या उपासमारीने ती खचली आहे, आणि तिसरी बॅटरी तेव्हा घ्या. ती टिकेल.